२४ मार्च : ज्यूंना आसरा देणाऱ्या पोलिश नागरिकांचा स्मृतिदिन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा दिवस नेमका कशाचा आहे?

दुसऱ्या महायुद्धात पोलंड जर्मनीच्या ताब्यात असताना ज्या पोलिश नागरिकांनी ज्यूंना घरात, गोठ्यात, माळ्यावर, तळघरात, कॉन्व्हेंटमध्ये (नन्सच्या मठात) लपवलं, त्यांची आठवण म्हणून पोलंड दरवर्षी २४ मार्चला हा राष्ट्रीय दिवस पाळतो. त्यासाठीचा कायदा २०१८ साली झाला आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंद्रेय दुदा यांनी त्यावर मार्चमध्ये सही केली. या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते. शाळांमध्ये कार्यक्रम होतात, स्मारकांवर फुलं वाहिली जातात, आणि मुख्य लक्ष असतं ते आग्नेय पोलंडमधल्या मार्कोवा या गावाकडे.

२४ मार्चच का?

१९४४ साली २३ आणि २४ मार्चच्या मधल्या रात्री मार्कोवात जे घडलं, त्यामुळे.

यूझेफ उल्मा हा तिथला शेतकरी. शिक्षण बेताचं, पण माणूस अखंड काहीतरी नवं शिकणारा. त्याने फळझाडांची रोपवाटिका लावली, मधमाश्या पाळल्या, रेशमाचे किडे वाढवले, गावातल्या तरुण शेतकऱ्यांच्या संघटनेचं वाचनालय सांभाळलं. आणि त्याला फोटोचा भारी नाद होता. आज उल्मांचं घर, मुलं, अंगण, गावातली लग्नं आपल्याला दिसतात ती त्यानेच काढलेल्या फोटोंमधून. त्याची बायको विक्टोरिया त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. १९३५ साली त्यांचं लग्न झालं. १९४४ पर्यंत त्यांना स्तानिस्वावा, बार्बारा, व्वादिस्वाव, फ्रांचिशेक, अन्तोनी आणि मारिया अशी सहा मुलं झाली होती. थोरली सात वर्षांची, धाकटी दीड वर्षाची. विक्टोरियाला सातव्यांदा दिवस गेले होते आणि भरत आले होते.

१९४२च्या अखेरीपासून या घराच्या माळ्यावर आठ ज्यू राहत होते. खबर पोचली, आणि पहाट व्हायच्या आत लेफ्टनंट आयलर्ट डीकेन याच्या हाताखालचे जर्मन सशस्त्र पोलीस घोडागाड्यांतून गावात आले. सोबत जर्मनांच्या हुकमाखालचे पोलिश पोलीसही होते, ज्यांना गणवेशाच्या रंगावरून ‘निळे पोलीस’ म्हणत. आधी ज्यूंना गोळ्या घातल्या, काहींना झोपेतच. मग यूझेफ आणि विक्टोरियाला घरासमोर उभं करून मारलं. मुलं रडत-ओरडत होती. त्यांचं काय करायचं हे थोडा वेळ ठरेना, मग डीकेनने त्यांनाही मारायचा हुकूम दिला. हे सगळं आपल्याला कळतं ते सक्तीने गाडी हाकायला आणलेल्या गावकऱ्यांच्या साक्षींवरून; मारताना त्यांना मुद्दाम बघायला लावलं होतं. त्यानंतर घर लुटलं गेलं आणि मारेकरी तिथेच दारू प्यायले.

डीकेन युद्धानंतर पश्चिम जर्मनीत पोलीस खात्यातच नोकरीला राहिला आणि १९६० साली वारला. त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. गोळ्या घालणाऱ्यांपैकी योसेफ कोकोट मात्र सापडला. १९५८ साली झेशुवमध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली आणि तो तुरुंगातच मेला.

माळ्यावर लपलेले ज्यू कोण होते?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. अनेक बातम्यांत ‘उल्मा कुटुंब आणि आठ ज्यू’ एवढंच येतं, जणू ते आठ जण दुसऱ्या कुणाच्या गोष्टीतले निनावी लोक होते. त्यांना नावं होती. साऊल गोल्डमान हे वयस्क गृहस्थ आणि त्यांचे चार मुलगे बारुख, मेखेल, योआखिम आणि मोइझेश, हे जवळच्या वाइंत्सुत शहरातले. गोल्दा ग्रिनफेल्ड आणि लेआ दिदनर या मार्कोवातल्याच गोल्डमान घराण्यातल्या बहिणी, आणि लेआची लहान मुलगी रेश्ला. गोल्डमान बापलेक यूझेफला कातडी कमावण्याच्या कामात हात लावत. लपण्याची जागा म्हटली की एक अंधारी खोली डोळ्यांसमोर येते; इथे मात्र जवळजवळ सव्वा वर्ष सोळा माणसांचा एकत्र संसार चालला होता. स्वयंपाक, कामं, आजारपणं, सगळं.

तेही पोलिश नागरिकच होते, हे विसरून चालणार नाही. ‘पोलिश लोकांनी ज्यूंना वाचवलं’ या वाक्यामुळे ज्यू कुठून तरी बाहेरून आले होते असं वाटतं. पोलंडमध्ये ज्यूंची वस्ती कित्येक शतकांची. युद्धाआधी देशात सुमारे ३३ लाख ज्यू होते. त्यातले जवळपास ३० लाख मारले गेले.

ज्यूंना आसरा दिला तर शिक्षा काय होती?

मृत्युदंड. जर्मनांनी पोलंडच्या ज्या भागाला ‘जनरल गव्हर्नमेंट’ नाव दिलं, तिथला प्रमुख हान्स फ्रांक. त्याने १५ ऑक्टोबर १९४१ रोजी फर्मान काढलं : नेमून दिलेली वस्ती, म्हणजे घेटो, सोडून बाहेर पडणाऱ्या ज्यूला मृत्युदंड, आणि त्याला जाणूनबुजून आसरा देणाऱ्यालाही तोच. पुढे जागोजागी लागलेल्या नोटिशींनी खायला देणं, गाडीतून नेणं, काही विकत घेणं हेही त्यात ओढलं. पश्चिम युरोपातल्या व्यापलेल्या देशांत असं करताना पकडले गेलेले लोक बहुधा तुरुंगात किंवा छावणीत जात. तिथेही माणसं मेलीच. पण पोलंडमध्ये शिक्षा सगळ्या घराला मिळे, पाळण्यातल्या मुलासकट. चेपिएलुव परिसरात डिसेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी ज्यूंना मदत केल्याच्या आरोपावरून तीसच्या वर पोलिश माणसं मारली. कोवाल्स्की कुटुंब मुलांसकट जाळलं गेलं. मिएखुवजवळच्या श्येद्लिस्कामध्ये मार्च १९४३ मध्ये बारानेक कुटुंबाला गोळ्या घातल्या.

लपवायचं म्हणजे रोज काय करावं लागे?

धाडस म्हटलं की आपल्या मनात एकच क्षण येतो : दारावर थाप, आणि कुणीतरी दार उघडतं. खरं धाडस दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं आणि महिनोन् महिने चालायचं.

अन्न रेशनवर होतं. चार माणसांच्या घरात दहा माणसांचा पाव आणला की दुकानदाराच्या लक्षात यायचं. म्हणून पाव वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या दिवशी आणायचा. धुतलेले कपडे बाहेर वाळत घालायचे तर दोरीवर किती शर्ट दिसतात याचा विचार करायचा. बादली रिकामी करायची ती रात्री. लपलेल्याला खोकला झाला तर उशी तोंडावर. आजारी पडला तर डॉक्टर कोणता बोलवायचा, आणि मेलाच तर पुरायचं कुठे? घरातल्या लहान मुलांना हे माहीत असायचं, आणि तरी शाळेत, रस्त्यावर त्यांनी एक शब्द बोलायचा नाही. वाचवणाऱ्यांच्या नावांत मुलांची नावं सहसा येत नाहीत, पण पाच-सहा वर्षांच्या पोराने दोन वर्षं तोंड बंद ठेवणं हाही त्या कामाचा तितकाच मोठा भाग होता असं मला वाटतं.

प्शेमिश्ल शहरात स्तेफानिया पोद्गुर्स्का या तरुण मुलीने, तिच्या लहान बहिणीच्या सोबतीने, पोटमाळ्यावर १३ ज्यू लपवले. मध्येच जर्मनांनी त्याच घरातली एक खोली आपल्या नर्सांसाठी घेतली. वर १३ माणसं, खाली जर्मन. तेराही वाचले. वॉर्सात प्राणिसंग्रहालयाचे संचालक यान झाबिन्स्की आणि त्यांच्या पत्नी अन्तोनिना यांनी संग्रहालयाच्या आवारातल्या बंगल्यात आणि रिकाम्या पिंजऱ्यांत लोकांना थारा दिला. अन्तोनिना पियानोवर एक ठरलेली धून वाजवू लागल्या की लपलेल्यांनी समजायचं : आता आवाज करायचा नाही.

दिसण्यावरून किंवा बोलण्यावरून ओळखू न येणारे ज्यू कधीकधी उघडपणे, खोट्या नावाने राहत. त्यांच्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला, ओळखपत्र, आणि कॅथलिक प्रार्थना तोंडपाठ असणं गरजेचं. लहान मुलांना नवं नाव, नवी जन्मतारीख घोकून घ्यावी लागे.

भीती फक्त जर्मनांची होती का?

नाही, आणि हा या विषयातला सर्वांत बोचरा भाग आहे. वाचवणाऱ्यांच्या साक्षी वाचल्या तर त्यात जर्मन गस्तीइतकाच शेजारी येतो. रस्त्यात ज्यूंना हेरून पैसे उकळणारे, पैसे संपले की पोलिसांकडे देणारे टोळभैरव वॉर्सा, क्राकुवसारख्या शहरांत होते. बक्षिसाच्या लोभाने, वैरापोटी किंवा ‘एका घरामुळे सगळं गाव जळेल’ या धास्तीने खबर देणारे खेड्यांतही होते. उल्मांची खबर बहुधा वाइंत्सुतच्या व्वोद्झिमिएश लेश नावाच्या निळ्या पोलिसाने दिली असं मानलं जातं. गोल्डमान कुटुंबाची मालमत्ता त्याच्याकडे होती. पोलिश भूमिगत संघटनेने १९४४ सालीच त्याला ठार केलं.

‘झेगोता’ काय होती?

ज्यूंना मदत करण्यासाठी लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारच्या छत्राखाली चालणारी भूमिगत समिती. ४ डिसेंबर १९४२ रोजी ती उभी राहिली. तिच्याआधीची तात्पुरती समिती झोफिया कोसाक-श्चुत्स्का आणि वान्दा क्राहेल्स्का-फिलिपोविच यांनी काढली होती. झेगोताच्या नेतृत्वात पोलिश समाजवादी, कॅथलिक आणि ज्यू संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसत, हे तिचं वैशिष्ट्य. तिचं काम मुख्यतः खोटी कागदपत्रं, दरमहा पैसे, राहायच्या जागा आणि मुलांची सोय हे.

कोसाक-श्चुत्स्का यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी एक गुप्त पत्रक लिहिलं. डोळ्यांदेखत खून होत असताना गप्प बसणारा हा त्या खुनात सामील आहे, असं त्यात ठणकावून म्हटलं होतं. त्याच पत्रकात त्यांनी ज्यूंविषयीचा आपला जुना राग लपवला नाही; ज्यू हे पोलंडचे शत्रू आहेत ही आपली भावना बदललेली नाही, असंही लिहिलं. ते वाचून अंगावर काटा येतो. आणि तरी याच बाईंनी ज्यूंना वाचवण्यासाठी जीव धोक्यात घातला, पुढे आउश्वित्झची जर्मन छावणी भोगली. मनातला द्वेष संपण्याची वाट न पाहता त्यांनी काम केलं. मला हा सगळ्या इतिहासातला फार मोलाचा धडा वाटतो, पण त्यामुळे तो द्वेष माफ होत नाही.

इरेना सेंडलर यांनी २५०० मुलं एकटीने वाचवली का?

एकटीने नाही, आणि असा दावा त्यांनीही केला नाही. सेंडलर वॉर्सा महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात काम करत. साथीच्या रोगांवर नजर ठेवण्याच्या निमित्ताने मिळालेल्या पासावर त्या आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया घेटोत जात. मुलं बाहेर निघत ती अॅम्ब्युलन्समधून, दोन्ही बाजूंना दारं असलेल्या न्यायालयाच्या इमारतीतून, गटारांमधून. १९४३ मध्ये त्यांच्याकडे झेगोताच्या बालविभागाची जबाबदारी आली. बाहेर काढलेली मुलं पोलिश कुटुंबांत, अनाथाश्रमांत, नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवली जात. मदर मातिल्दा गेट्टर यांच्या संस्थेने यात मोठा वाटा उचलला.

प्रत्येक मुलाचं खरं नाव आणि नवं नाव पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवलं जाई, युद्धानंतर मूल आपल्या माणसांना परत देता यावं म्हणून. त्या याद्या बरणीत घालून एका मैत्रिणीच्या बागेत पुरल्या होत्या. बहुतेक मुलांची ‘आपली माणसं’ उरलीच नव्हती. ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापोने, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, सेंडलरना पकडलं, छळ केला, मृत्युदंड ठरवला. झेगोताने लाच देऊन त्यांना सोडवलं. २५०० हा आकडा सगळीकडे छापला जातो. संशोधकांत त्यावर मतभेद आहेत, आणि तो खरा धरला तरी ते संपूर्ण जाळ्याचं काम आहे. त्या जाळ्यात बहुतांश बायकाच होत्या : नर्सा, समाजसेविका, नन्स, दाया.

काही जण पैसे घेऊन आसरा देत. मग त्यांचा सन्मान कसा?

लपलेल्यांना खायला लागायचं आणि काळ्या बाजारात अन्न महाग होतं, म्हणून खर्चापुरते पैसे घेणं सर्रास होतं. त्यात गैर काही नाही. काहींनी मात्र त्याचा धंदा केला, आणि पैसे संपताच माणसं बाहेर काढली किंवा पकडून दिली.

दोन्हींच्या मधली एक गोष्ट ल्वूव शहरातली, जे आज युक्रेनमध्ये आहे. लेओपोल्द सोखा हा तिथला गटार-कामगार, तरुणपणी चोऱ्या केलेला. घेटोतून गटारात उतरलेल्या ज्यूंचा एक गट त्याला सापडला. सुरुवातीला तो ठरलेले पैसे घेऊन अन्न पोचवत असे. मग त्यांच्याकडचे पैसे संपले. सोखा येतच राहिला. आपल्या खिशातून खर्च करू लागला. मुलांसाठी काय काय आणू लागला. चौदा महिन्यांनी, जुलै १९४४ मध्ये, शहर मुक्त झालं तेव्हा त्या गटारातून दहा माणसं जिवंत वर आली. १९४६ साली आपल्या मुलीला ट्रकखाली येण्यापासून वाचवताना सोखा गेला.

जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था १९६३ पासून ‘राष्ट्रांमधले नीतिमान’ हा सन्मान देते. त्यासाठी ती चार गोष्टी तपासते : माणूस ज्यू नसावा, त्याने जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात घातलेलं असावं, मोबदल्याची अट घातलेली नसावी, आणि शक्यतो वाचलेल्या माणसाची साक्ष असावी. सोखा आणि त्याच्या पत्नीला तो सन्मान १९७८ साली मिळाला. उल्मा दांपत्याला १९९५ मध्ये.

असा सन्मान किती पोलिश लोकांना मिळाला?

सात हजारांहून जास्त. कोणत्याही देशापेक्षा ही संख्या मोठी आहे; जगभरातले सगळे मिळून २८ हजारांच्या वर. दोन गोष्टी इथे एकाच वेळी ध्यानात ठेवायला हव्यात. पोलंडमध्ये ज्यूच सर्वाधिक होते, त्यामुळे आकडा मोठा असणारच. आणि साक्ष देणारा जिवंत राहिलाच नाही, अशा कित्येक घरांची नोंद कधीच होणार नाही.

पण पोलिश लोकांनी ज्यूंना मारलंही होतं ना? मग हा दिवस पांघरूण घालण्यासाठी आहे का?

मारलं होतं. १० जुलै १९४१ रोजी येद्वाब्ने गावात पोलिश रहिवाशांनी, जर्मनांच्या चिथावणीने, आपल्या ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळलं. अधिकृत तपासात मृतांचा आकडा किमान ३४० धरला आहे. युद्ध संपल्यावरही, ४ जुलै १९४६ रोजी, कियेल्त्सेमध्ये जमावाने ४२ ज्यूंना ठार केलं. खुद्द मार्कोवात १९४२च्या डिसेंबरात जर्मनांच्या हुकमावरून गावकऱ्यांनी लपलेल्या ज्यूंचा शोध घेतला आणि सापडलेल्यांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. त्याच गावात उल्मांची हत्या झाल्यावरही इतर काही घरांनी आपल्याकडच्या ज्यूंना हाकललं नाही, आणि वीसच्या आसपास माणसं शेवटपर्यंत वाचली. हे दोन्ही एकाच गावात घडलं.

मृत्यूछावण्या मात्र जर्मनांनी बांधल्या आणि जर्मनांनीच चालवल्या. पोलंडमध्ये जर्मनांच्या हाताखाली काम करणारं पोलिश सरकार नव्हतं. ‘पोलिश छावण्या’ असं कुणी लिहिलं की तिथले लोक भडकतात ते रास्त आहे.

वाद पेटला तो वेळेमुळे. २०१८च्या सुरुवातीला पोलंडने आणखी एक कायदा केला : नाझींच्या गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर ढकलणाऱ्याला तुरुंगवास. इस्रायल आणि अमेरिकेने जोरदार आक्षेप घेतला आणि जूनमध्ये तुरुंगवासाची तरतूद काढून टाकावी लागली. स्मृतिदिनाचा कायदा त्याच काळात झाल्याने अनेक इतिहासकारांना शंका आली की मूठभरांचं शौर्य सगळ्यांच्या नावावर लावलं जातंय. ही शंका रास्त आहे. उल्मा सगळ्या गावाच्या वतीने मेले नाहीत. त्यांनी जे केलं ते बहुतेकांनी केलं नाही, आणि म्हणूनच ते एवढं मोठं आहे. ज्या २४ मार्चच्या भाषणात खबरी, निळे पोलीस आणि येद्वाब्ने यांचा उल्लेखही नसतो, ते भाषण उल्मांची किंमत कमी करतं असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचवणारे युद्धानंतर गप्प का राहिले?

बऱ्याच जणांना गावात कळू द्यायचं नव्हतं. ज्यूंना लपवलं म्हणजे यांच्याकडे ज्यूंचं सोनं असणार, अशी समजूत होती आणि त्यावरून दरोडे पडत. कम्युनिस्ट राजवटीला लंडन सरकारशी जोडलेल्या सगळ्यांवरच संशय होता. झेगोताच्या अनेकांना चौकश्या आणि तुरुंग सोसावे लागले. आपण काय केलं हे काहींनी स्वतःच्या नातवंडांनाही सांगितलं नाही.

उल्मा कुटुंबाला चर्चने काय मान दिला?

१० सप्टेंबर २०२३ रोजी मार्कोवात संपूर्ण कुटुंबाला ‘धन्य’ (कॅथलिक चर्चमधली संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं, विक्टोरियाच्या सातव्या बाळासह. एक अख्खं कुटुंब एकत्र या पदाला पोचल्याची ही पहिली वेळ. त्यांचा सण ७ जुलैला, म्हणजे यूझेफ-विक्टोरियाच्या लग्नाच्या तारखेला असतो.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीचा याच्याशी संबंध आहे का?

थेट नाही. मराठी वाचक हमखास हे विचारतात, आणि दोन्ही गोष्टी एकत्र करून लिहिलेले मजकूरही फिरतात. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलं जास्त. ते जर्मन घेटोतून सुटलेले नव्हते. सोव्हिएत युनियनने पूर्व पोलंड गिळल्यावर सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केलेल्या कुटुंबांतले होते, आणि इराणमार्गे भारतात आले. जामनगरजवळ बालाचडीला तिथले महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी ज्या पोलिश मुलांना सांभाळलं, त्यांचीही वाट हीच. आसरा देणाऱ्यांचा उपकार न विसरण्याची रीत मात्र तिथेही दिसते : वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, आणि वळिवड्यात वाढलेली माणसं म्हातारपणीही कोल्हापूरला येत राहिली.

२७ जानेवारी आणि २४ मार्च यांत गल्लत होते. फरक काय?

२७ जानेवारी हा आउश्वित्झ मुक्त झाल्याचा दिवस, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला, सर्व बळींसाठी. २४ मार्च हा पोलंडचा राष्ट्रीय दिवस, वाचवणाऱ्यांसाठी.

मार्कोवाला जाता येतं का?

येतं. झेशुवहून वाइंत्सुत, तिथून मार्कोवा. १७ मार्च २०१६ रोजी तिथे उल्मा कुटुंबाच्या नावाचं, ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश लोकांचं संग्रहालय सुरू झालं. आत उल्मांच्या घराची काचेतली प्रतिकृती आणि यूझेफने काढलेले फोटो आहेत. बाहेरच्या भिंतीवर त्या प्रांतातल्या वाचवणाऱ्यांची नावं. एका फोटोवर त्या रात्रीच्या रक्ताचे डाग आहेत, त्यामुळे लहान मुलांना नेताना आधी विचार करावा. उल्मांची कबर गावच्या दफनभूमीत होती; धन्य घोषित केल्यापासून त्यांचे अवशेष गावच्या चर्चमध्ये आहेत. गोल्डमान बापलेक, गोल्दा, लेआ आणि रेश्ला मात्र मार्कोवात नाहीत. १९४७ साली त्यांना यागिएव्वा-निएख्चाव्की इथल्या युद्धबळींच्या दफनभूमीत हलवण्यात आलं. ती जागा थोडी दूर आहे आणि बहुतेक सहली तिथे थांबत नाहीत. गाडी स्वतःची असेल तर तिथे जरूर जा.